८सीबी-१०सीबी मिश्रणात अल्फा ०.४ येतोय, याला नवी युनिव्हर्सॅलिटी क्लास म्हणायचं का?

प्रश्न (नेमॅटिक_नवखी):
८सीबी आणि १०सीबी या द्रवस्फटिकांच्या मिश्रणातलं नेमॅटिक (रेणू एका दिशेने, पण थर नाहीत) ते स्मेक्टिक-ए (रेणू थरांत) संक्रमण बघतेय. प्लॅनर सेल (रेणू काचेला समांतर), ६३२.८ नॅनोमीटरचा लेसर. बायरिफ्रिन्जन्स (डेल्टा-एन, दोन दिशांच्या अपवर्तनांकांतला फरक) मोजायचा आणि त्यावरून विशिष्ट उष्म्याचा घातांक अल्फा (संक्रमणाजवळ तो किती वेगाने वाढतो ते सांगणारा) काढायचा. शुद्ध ८सीबीला ०.३ च्या आसपास मिळतो. १०सीबी वाढवलं की ०.३५, ०.४ असा चढत जातो. थ्रीडी-एक्सवाय या युनिव्हर्सॅलिटी क्लासचा (सारख्याच घातांकांनी वागणाऱ्या संक्रमणांचा गट) −०.००७, ट्रायक्रिटिकलचा (जिथे सलग संक्रमण प्रथम कोटीचं, म्हणजे एकदम उडी मारणारं होतं) ०.५. मग हे मधलं काय?

कॅलरीवाला:
डीएससी (नमुना तापवत उष्णता मोजणं) करून बघा. सुप्त उष्मा दिसली तर प्रथम कोटीचं संक्रमण, विषय संपला.

जुना_प्रयोगशाळावाला:
नाही हो, इथे डीएससीवर निकाल देऊ नका. मिनिटाला ५-१० अंशांनी तापवल्यावर शिखराखालचं क्षेत्रफळ मिळतं, पण त्यातली सुप्त उष्मा किती आणि संक्रमणाच्या आसपासच्या चढउतारांची किती, हे वेगळं निघत नाही. लूव्हनमध्ये थोएन आणि सहकाऱ्यांनी अतिशय सावकाश तापवत अॅडियाबॅटिक स्कॅनिंगने ते वेगळं केलं. याच मिश्रणात १०सीबीचा मोल-अंश साधारण ०.३१ झाला की ट्रायक्रिटिकल बिंदू येतो, त्यापुढे प्रथम कोटी.

ताई, नवी क्लास वगैरे काही नाही. १०सीबी वाढलं की नेमॅटिकचा पट्टा आकसतो आणि स्मेक्टिक-नेमॅटिक आणि नेमॅटिक-आयसोट्रॉपिक (साधा द्रव) या दोन्ही संक्रमण-तापमानांचं गुणोत्तर १ कडे सरकतं. ८सीबीत ते ०.९७७ आहे. पट्टा अरुंद झाला की नेमॅटिक क्रम अजून लवचीक असतो, स्मेक्टिक थर त्याला ओढतात, आणि वागणूक ट्रायक्रिटिकलकडे झुकते. तुमचा ०.४ हा त्या वाटेवरचा परिणामी (फिटच्या व्याप्तीपुरता दिसणारा) घातांक आहे. मॅकमिलनच्या मीन-फील्ड (चढउतार न धरणाऱ्या) गणितात ट्रायक्रिटिकल बिंदू या गुणोत्तराच्या ०.८७ ला येतो, प्रयोगात या कुळात तो ०.९९ च्या जवळ निघाला. या फरकाचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता खरी कळीची गोष्ट, फिटची व्याप्ती. संक्रमण ३०७ केल्विनला धरा. रिड्यूस्ड तापमान (संक्रमणापासूनचा फरक भागिले संक्रमण-तापमान) १०⁻⁴ म्हणजे ०.०३ अंश, १०⁻² म्हणजे तब्बल ३ अंश. तुमच्या मिश्रणात नेमॅटिकच जर ३-४ अंशांचा असेल, तर वरचे बिंदू आयसोट्रॉपिक संक्रमणाच्या सावलीत आहेत. तेच अल्फा फुगवतात.

नेमॅटिक_नवखी:
मी १०⁻² पर्यंतच फिट करत होते. कमी केलं तर बिंदू फार थोडे उरतात. आणि मिश्रणात फिशर रीनॉर्मलायझेशन (संघटन स्थिर ठेवल्याने घातांक बदलणं) लागू होत नाही का?

जुना_प्रयोगशाळावाला:
तत्त्वतः लागू होतं, कारण तुम्ही रासायनिक विभव नाही, संघटन स्थिर ठेवता. पण संक्रमण-तापमान संघटनाबरोबर फार तीव्रतेने बदलत नसेल तर तो परिणाम अगदी टोकाजवळच दिसतो. आधी व्याप्ती बघा.

डेल्टा-एनचं डेरिव्हेटिव्ह घेऊ नका, त्यात गोंगाट माजतो. संक्रमण-बिंदूवरच्या डेल्टा-एनपासूनचा फरक भागिले तापमानातला फरक, हे भागफलही त्याच अल्फाने वाढतं आणि खूप गुळगुळीत येतं. वरची मर्यादा ५×१०⁻³, ३×१०⁻³ अशी खाली आणत जा, फिटमध्ये करेक्शनचं पद (साध्या घातनियमाची दुरुस्ती) ठेवा, आणि प्रत्येक मर्यादेला अल्फा किती येतो त्याचा आलेख इथे टाका. दोन्ही बाजूंचा अल्फा एकच बांधून फिट करा. संक्रमणाला अगदी चिकटलेले, दोन प्रावस्था एकत्र दिसणारे बिंदू मात्र आधी वगळा.