मदत हवी आहे: तांबडा डेक, लँड येत नाहीत, रविवारी पुणे

धुरळा
लवकर सांगा, रविवारी पहाटे निघायचंय.
तांबडा डेक आहे. राजारामपुरीत आमच्या कट्ट्यावर गेल्या चार रविवारी मिळून ११ मॅच खेळलो, २ जिंकलो. त्यातली एक समोरच्याला घरनं फोन आला आणि तो उठून गेला म्हणून. डेक भारी आहे, याद्या बघूनच बनवलाय. पण लँडच येत नाहीत. आल्या की ढिगानं येतात. कुठली पानं काढू, कुठली घालू एवढंच सांगा. भाषण नको. ‘खेळाचा आनंद घे’ तर अजिबात नको.

नाना उद्यमनगर
लँड येत नाही म्हणजे नेमकं कुठं अडकलंय? खरेदी झाली का वारसानं आलीय? आधी सातबारा काढ, ऑनलाइन मिळतो. फेरफार नोंद झाली नसेल तर रविवारी पुण्याला जाऊन काही होणार नाही, रविवारी सगळं बंद असतं.

धुरळा
नाना, पत्त्यातली लँड ओ. बाकीची पानं खेळायला लागणारा माना देते ती. रविवारी पुण्यात त्याच पत्त्यांची स्पर्धा आहे.

नाना उद्यमनगर
मग तसं लिहायचं की शीर्षकात.

पुणे ३०
कोणता गेम, कोणता फॉरमॅट, पूर्ण यादी, लँड किती, साईडबोर्ड काय, समोर कोणते डेक असतात. यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही.

धुरळा
मॅजिक. अजून कुठल्या गेमात लँड असतात? पॉपर. बर्न, म्हणजे स्पेलनं थेट समोरच्याच्या लाइफवर मारायचं. यादी काय सगळ्यांना माहीतच असते. लँड १७, सगळे माउंटन, तांबडा माना देणारे.

सांगली स्टेशन
१७? भावा इथंच संपला विषय. २० कर. मी गेली सहा वर्षं २० वर खेळतोय, कधी अडलो नाही. आणि नुसता तांबडा कशाला? कोल्हापूरचा ना तू? पांढरा पण घे की जोडीला. तांबडा-पांढरा दोन्ही पाहिजेत, नुसत्या तांबड्यानं पोट बिघडतं.

पुणे ३०
पॉपरमध्ये फक्त कॉमन पानं चालतात. त्यात दोन रंगांच्या बऱ्याच लँड टेबलावर टॅप होऊनच येतात, म्हणजे त्या टर्नला त्यांचा उपयोग नाही. बर्नला पहिल्या टर्नपासून मारायचं असतं. त्याला पांढरा जोडून काय मिळणार?

सांगली स्टेशन
जर्नी टू नोव्हेअर मिळणार. मोठं क्रीचर आलं की उचलून बाहेर.

पुणे ३०
टोलारियन टेरर आला तर? त्याला वॉर्ड २ आहे. जर्नीचे दोन माना आणि वर दंडाचे दोन. चार माना होईपर्यंत बर्नवाल्यानं जिंकलेलं तरी असतं नाहीतर संपलेलं तरी.
लँडचं गणित सांगते. साठ पानांत १७ असतील तर पहिल्या सात पानांत शून्य किंवा एकच लँड यायची शक्यता ३५ टक्के. १८ ला ३१. २० ला साधारण २५. पण २० ठेवल्या की पाचव्या-सहाव्या टर्नला मारायला लाइटनिंग बोल्ट हवा असताना माउंटन हातात येतात. बर्नचं जवळपास प्रत्येक पान एक-दोन मानात खेळता येतं. त्यामुळे १७-१८ चुकीचं नाही.

सांगली स्टेशन
म्हणजे तीन डावांतला एक डाव हातातच गेला आणि ते चुकीचं नाही. वा.

पुणे ३०
गेला कसा? मलिगन कशासाठी असतो?

धुरळा
मलिगन मी करत नाही. सात पानं टाकून सहा कोण घेणार. एक लँड असली तरी ठेवतो, दुसरी येतेच पुढं.

पुणे ३०
सापडलं एक कारण. २०१९ पासून नियम असा आहे: मलिगन केला तरी नव्यानं सातच पानं उचलायची, हात ठेवायचा ठरला की मग त्यातलं नको ते एक पान डेकच्या तळाला घालायचं. दुसऱ्यांदा केला तर दोन. म्हणजे सहा पानं मिळतात, पण सातातून निवडलेली. बर्नसाठी दोन लँड आणि चार स्वस्त स्पेल हा चांगला हात आहे.

धुरळा
हे कुणी सांगितलंच नाही कट्ट्यावर.

निळा डोह
सांगितलंय. दोनदा. तू तेव्हा भडंग आणायला गेला होतास.

सावंतवाडीची लेक
तुम्ही सगळे परदेशी पत्त्यांवर इतकं बोलताय म्हणून सांगते. आमच्याकडची दशावतारी गंजिफा कुणी खेळलंय का? गोल पत्ते, १२० असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२ पानं: एक राजा, एक प्रधान आणि दहा साधी. हातानं रंगवलेली, वर लाखेचा लेप. कोल्हापुराहून आंबोली घाट उतरला की आलंच सावंतवाडी.

नाना उद्यमनगर
आमच्या आजोबांकडे होती ती गोल पानं, पितळी डब्यात. खेळायची कशी ते कुणाला येत नव्हतं. आम्ही पोरं त्यांच्या चकत्या करून फेकायचो. आता वाईट वाटतं.
बाकी पत्त्यांवर केंद्रानं बंदी आणली ना मागं?

सांगली स्टेशन
नाना, २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमचा. इथं पैसे लावत नाहीत. पैसे कार्डं घेण्यातच संपतात.

धुरळा
लोकहो, रविवार जवळ येतोय. काढू काय, घालू काय?

पुणे ३०
यादी दिल्याशिवाय काय काढायचं सांगू?

धुरळा
घ्या. माउंटन १७. चार-चार: लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, लावा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, फायरब्लास्ट, स्क्युअर द क्रिटिक्स, थर्मो-अल्केमिस्ट, व्होल्डारेन एपिक्युअर, केल्डन मरॉडर्स, नीडल ड्रॉप. सिअरिंग ब्लेझ ३. फायरबॉल ४, लावा अ‍ॅक्स ४. झालं.

पुणे ३०
बेरीज केलीत का कधी? मी दोनदा केली. ६८ आहे.

धुरळा
६० किमान आहे ना. जास्त चालतात. नियम वाचलाय मी.

पुणे ३०
चालतात. नियमात बसतं. पण १७ लँड ६० पानांत नाहीत, ६८ मध्ये आहेत. मघाचं गणित परत करते: पहिल्या सातात शून्य किंवा एक लँड यायची शक्यता ३५ नाही, साडेत्रेचाळीस टक्के. आणि चार बोल्टपैकी एक तरी पहिल्या हातात यायची शक्यता साठात ४० टक्के असते, तुमच्याकडे ३६. म्हणजे लँडही कमी आणि बोल्टही कमी. ‘लँड येत नाहीत’चं निम्मं उत्तर हेच.
लावा अ‍ॅक्सला पाच माना लागतात. १७ लँडवर पाचवी लँड कधी बघणार तुम्ही?

धुरळा
फायरबॉल आणि लावा अ‍ॅक्स काढायचे नाहीत. ते सोडून सांगा.

सांगली स्टेशन
का?

धुरळा
आतेभावानं दिलेत. तो आता जर्मनीत असतो. त्यानंच शिकवला गेम, दहावीच्या सुट्टीत, गच्चीवर. पहिली आठ पानं तीच.

निळा डोह
हे मला पण माहीत नव्हतं.

पुणे ३०
मग ती आठ पानं वहीत ठेवा, डेकात नको. वहीतच घालून पुण्याला आणलीत तरी कुणी अडवणार नाही, फक्त डेकात आणि साईडबोर्डात मिसळू देऊ नका. आणि साईडबोर्ड कुठंय?

धुरळा
नेत नाही. मधेच पानं बदलली की डोकं फिरतं.

पुणे ३०
पंधरा पानं फुकट सोडताय. चार पायरोब्लास्ट घाला, एका तांबड्या मानात निळा स्पेल थांबवतो किंवा निळं क्रीचर मारतो. तीन रेलिक ऑफ प्रोजेनिटस घाला. टेरर स्वस्त होतो तो ग्रेव्हयार्डमधल्या, म्हणजे वापरून टाकलेल्या, इन्स्टंट-सॉर्सरी मोजून. ग्रेव्हयार्डच उडवला की तो सात मानाचा हत्ती हातात घेऊन बसतो.
समोर हिरवा असेल तर वेदर द स्टॉर्म सांभाळा. तुम्ही एका टर्नमध्ये तीन स्पेल टाकलेत आणि त्यानं वेदर खेळला की मूळ एक आणि तीन कॉपी, तीन-तीन करून १२ लाइफ. अशा वेळी एकदम सगळं फेकायचं नाही, दर टर्नला थोडं थोडं.

सांगली स्टेशन
हिरव्याला पांढरा बरा पडतो, मी परत सांगतो.

निळा डोह
आता मी बोलतो. राजारामपुरीतला निळ्यावाला मीच. ११ पैकी ५ माझ्याशी हरलाय हा. गेल्या रविवारचा तिसऱ्या मॅचचा पहिला गेम त्यालाच सांगू दे. मग कळेल लँडचा किती दोष ते.

धुरळा
त्यात काय सांगायचं. हा ७ लाइफवर. माझ्या तीन माउंटन उभ्या, हातात बोल्ट आणि फायरब्लास्ट. याचं डेल्व्हर क्रीचर पलटून ३/२ झालेलं, म्हणजे ३ चा मारा, २ चा जीव, उडत मारत होतं. मी माझ्या टर्नला बोल्ट डेल्व्हरवर टाकला, गेला तो. पुढच्या टर्नला यानं टेरर आणला, ५/५. मग मी फायरब्लास्ट टाकला तो ३ वर आला. त्यानंतर मला तीन टर्न लँडच आल्या. हरलो. सांगा आता, लँडचा दोष नाही तर कुणाचा?

पुणे ३०
बोल्टचे ३, फायरब्लास्टचे ४. किती झाले?

धुरळा
७.
पण याच्याकडे दोन आयलंड उभ्या होत्या तेव्हा. माझा स्पेल अडवायला काउंटरस्पेल असणारच. म्हणून थांबलो.

पुणे ३०
थांबलात ते बरोबर. बोल्ट डेल्व्हरवर घालवला ते चूक. काउंटरस्पेलला दोन निळे लागतात. त्यानं टेरर आणला तेव्हा किती आयलंड वापरल्या?

निळा डोह
एक. ग्रेव्हयार्डात सहा स्पेल होते, एका निळ्यात आला. उरली एकच.

पुणे ३०
मग तीच वेळ होती. बोल्ट इन्स्टंट, फायरब्लास्ट पण इन्स्टंट. त्याच्याच टर्नमध्ये, टेररसाठी त्यानं आयलंड टॅप केली त्या क्षणी, एका माउंटनवर बोल्ट आणि दोन माउंटन सॅक करून, म्हणजे बळी देऊन, फायरब्लास्ट. उरलेल्या एका आयलंडवर काउंटरस्पेल निघत नाही. एका निळ्यात तांबडा स्पेल थांबवणारा हायड्रोब्लास्ट निघू शकतो, पण पहिल्या गेमात तो धोका पत्करायचाच. डेल्व्हरनं अजून ३ मारले असते, तेवढे झेलायचे.

धुरळा
त्याच्या टर्नमध्ये टाकायचं सुचलंच नाही.

निळा डोह
मी टेरर टाकताना तुझ्या तोंडाकडंच बघत होतो. तू डेल्व्हर मेल्याच्या आनंदात होतास. हातात काय होतं माझ्या ते पण सांगतो: काउंटरस्पेल होताच.

सांगली स्टेशन
खरं तर क्रीचर मारायलाच हवं होतं. बोर्ड सोडून नुसतं तोंडावर मारत बसणं म्हणजे जुगार.

पुणे ३०
बर्नवाला क्रीचर मारत बसला तर दुसरा डेक काय वाईट? प्रत्येक बोल्ट म्हणजे २० पैकी ३. सातच बोल्ट लागतात माणूस संपवायला. त्यातले दोन डेल्व्हरवर घातले की नऊ शोधायला लागतात. थर्मो-अल्केमिस्ट वाचवायला किंवा अगदी मरायला टेकलात तरच क्रीचरकडे बघायचं.

निळा डोह
अजून एक. हा पानं पिसतो कशी ते विचारा.

धुरळा
त्यात काय आहे? गेम झाला की लँड वेगळ्या करतो, तीन पानं एक लँड, तीन पानं एक लँड अशा विणतो. मग दोनदा पिसतो. म्हणजे सगळीकडे सारख्या पसरतात.

पुणे ३०
हे पुण्यात करू नका. दोनदा पिसून विण टिकत असेल तर ती फसवणूक धरतात. टिकत नसेल तर विणायचे कष्ट वाया. ५२ पत्त्यांना सात वेळा रिफल (दोन गठ्ठे एकमेकांत सोडून पिसणं) लागतात असं बेयर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये गणितानं दाखवलं. तुमची साठ आहेत, आठ वेळा पिसा आणि समोरच्याला कापायला द्या.

सावंतवाडीची लेक
गोल पत्ते रिफल होत नाहीत, बघा.

निळा डोह
कापायला द्या वरनं आठवलं. याचे सतराच्या सतरा माउंटन फॉइल, चकचकीत छापाचे आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून हवेत ओल, सगळे होडीसारखे वाकलेत. स्लीव्हमध्ये घातले तरी डेक टेबलावर ठेवला की फटी दिसतात. मी कापतो तेव्हा बोट आपोआप तिथंच जातं. मुद्दाम नाही, पण जातं. वरचं पान लँड आहे का नाही ते मला आधी कळतं.

धुरळा
आणि हे तू आत्ता सांगतोयस? चार रविवारनंतर?

निळा डोह
मला आपलं वाटलं तुला माहीत असेल.

पुणे ३०
वाकलेलं फॉइल म्हणजे खुणेचं पान. परीक्षकानं बघितलं तर तुमच्यावरच येईल. साधे माउंटन घ्या, कागदी, कुणाकडेही ढिगानं पडलेले असतात.

नाना उद्यमनगर
आमच्या घरी पत्ते तांदळाच्या डब्यात ठेवायचे पावसाळ्यात. आई ओरडायची, पण वाकायचे नाहीत.

धुरळा
बरं. आठ पानं काढली. ६० मोजली, दोनदा. पायरोब्लास्ट दोनच आहेत माझ्याकडे, रेलिक एक. लावा अ‍ॅक्स एक ठेवला तर चालेल का साईडबोर्डात?

पुणे ३०
नाही.

सांगली स्टेशन
ठेव रे. एकानं काय होतंय.

निळा डोह
पायरोब्लास्ट माझ्याकडे चार आहेत, माझ्यावरच मारायला देतो, घे. साधे माउंटन पण आणतो. रविवारी पहाटे पाचला सीबीएसवर ये, पुण्याची जी पहिली एसटी लागेल ती धरू. पाच तास धर वाटेत.

धुरळा
१७ आण. का १८? सिअरिंग ब्लेझ एक कमी करून १८ करू का?

सांगली स्टेशन
२०.

निळा डोह
२० आणतो, एसटीत बघू. तिकीट तू काढायचं.