विद्यापीठातून मूल्यनिष्ठ उद्योजक घडतात का? आणि त्याने बेरोजगारी घटते का?

उंबरठा (धागाकर्ता)

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ६ कोटी ४९ लाख तरुण बेरोजगार होते. शोधून शोधून थकले आणि शोधणंच सोडून दिलं, ते यात धरलेलेच नाहीत.

विद्यापीठांनी यावर काढलेला तोडगा बहुतेक ठिकाणी सारखाच: उद्योजकतेचा एक पेपर. व्यवसायाचा आराखडा लिहायचा, परीक्षकांपुढे मांडायचा, गुण घ्यायचे. मूल्यांचा विषय आलाच तर शेवटच्या प्रकरणात.

मला हा क्रम उलटा वाटतो. मूल्यं धंद्याच्या रचनेत असतात. नफा कोणाचा? सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या पगारात अंतर किती? तोटा झाला की आधी कोणाला घरी पाठवायचं? खरे पैसे हातात असल्याशिवाय या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं देता येत नाहीत.

स्पेनच्या बास्क प्रदेशातलं मोंद्रागोन पाहा. होसे मारिया अरिस्मेन्दियारिएता या धर्मगुरूंनी १९४३ मध्ये तिथे आधी तंत्रशाळा काढली. त्यांच्या पाच विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये कारखाना सुरू केला आणि त्यातून कामगारांच्याच मालकीच्या सहकारी संस्थांचं जाळं उभं राहिलं. आज त्या जाळ्यात सत्तर हजारांच्या आसपास लोक काम करतात. पगारातलं अंतर किती असावं यावर सभासदांनी स्वतःच मर्यादा घालून घेतली आहे. हे सगळं एका शाळेतून निघालं, म्हणून विद्यापीठांकडून मला आशा आहे.

जमाखर्च

असहमत. तुमचा हेतू चांगला आहे, पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो.

ट्युनिशियात २००९-१० मध्ये नेमका हाच प्रयोग झाला. पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रबंधाऐवजी व्यवसाय आराखड्याचा पर्याय दिला, सोबत प्रशिक्षण आणि मार्गदर्शक. इच्छुकांतून सोडत काढून निवड केली, त्यामुळे तुलना चोख होती. वर्षभराने स्वयंरोजगार किंचित वाढला, पण एकूण रोजगार वाढला नाही. म्हणजे काहींनी नोकरीऐवजी धंदा केला, इतकंच. आणखी काही वर्षांनी पाहिलं तर तो फरकही विरला होता.

मोंद्रागोनबद्दल एक गोष्ट राहून गेली. हुकूमशहा फ्रँकोच्या काळातल्या स्पेनमध्ये परदेशी मालाला दारं जवळपास बंद होती आणि घरगुती उपकरणांना मागणी वाढत होती. त्या पाच जणांना ग्राहक तयार मिळाला. आजच्या पदवीधराला ना तसा बाजार, ना तारण ठेवायला काही. त्याला ‘उद्योजक हो’ म्हणणं म्हणजे रोजगारनिर्मितीची जबाबदारी सरकार आणि मोठ्या उद्योगांच्या खांद्यावरून काढून बावीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ठेवणं. मूल्यांचीच गोष्ट करायची तर हे मला अन्यायाचं वाटतं.

खडूफळा

मी हाच विषय शिकवते, त्यामुळे वर्गातली अडचण सांगते. मूल्यांना गुण दिले की मुलं परीक्षकाला आवडेल ते लिहितात. पुरवठादाराशी प्रामाणिक राहू, पर्यावरण जपू, स्त्रियांना संधी देऊ. उत्तरपत्रिका एकसारख्या. गुण नाही दिले तर कोणी वर्गात बसत नाही. यातून वाट कशी काढायची?

उंबरठा

खडूफळा, मूल्यांना गुण देऊच नयेत, व्यवहार तपासावा. अमेरिकेतल्या बॅब्सन कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच भांडवल उसनं देत असे. गट करून धंदा चालवायचा, मुद्दल परत करायचं, नफा समाजकार्याला द्यायचा. अशा धंद्याच्या वह्या तोंडी परीक्षेला मागवा. देणी वेळेवर दिली का? गटात काम कोणी केलं आणि श्रेय कोणी घेतलं? माल देणाऱ्याला आणि ग्राहकालाही बोलवा. तिथे पाठांतर चालत नाही.

जमाखर्च, ट्युनिशियाचा निकाल मान्य. पण तिथे शिकवला गेला तो आराखडाच. आफ्रिकेतल्या टोगो देशात आधीपासून छोटा धंदा करणाऱ्यांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. पुढाकार घेणं, अडचणीत चिकाटी धरणं याचं प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. हिशेब-विपणनाच्या नेहमीच्या प्रशिक्षणाने खात्रीलायक वाढ दिसली नाही. काय शिकवतो यावर बरंच अवलंबून आहे.

जमाखर्च

तुम्हीच म्हणालात, आधीपासून धंदा करणारे. त्यांच्याकडे ग्राहक होते. आणि पुढाकार म्हणजे मूल्य नव्हे. लबाड माणूसही पुढाकार घेतो.

रानवाट

शेवटच्या वाक्याशी सहमत, पण जमाखर्च, मोंद्रागोनची २०१३ ची घटनाही मोजा. त्यांची घरगुती उपकरणांची मोठी कंपनी, फागोर, बुडाली. तुम्ही म्हणता तो अनुकूल बाजार तोवर कधीच गेला होता. तरी बऱ्याच कामगार-सभासदांना बाकीच्या सहकारी संस्थांनी सामावून घेतलं. सगळ्यांना नाही, कंत्राटी लोकांना ते संरक्षण नव्हतं, आणि ही त्या व्यवस्थेची मोठी उणीव आहे. तरीही एक धंदा बुडाला की दुसऱ्याने हात द्यायचा हा नियम आधीच लिहिलेला होता. माझ्या मते अभ्यासक्रमात हे हवं: नियमावली कशी लिहायची, राखीव निधी कसा ठेवायचा, तोटा कसा वाटायचा. एकट्याने कंपनी काढायची गोष्ट सगळे शिकवतात, चौघांनी मिळून टिकवायची कोणी शिकवत नाही.

जमाखर्च

हा अभ्यासक्रम मला पटतो. फक्त त्याला बेरोजगारीवरचा उपाय म्हणू नका, आणि त्याचं यश ‘किती धंदे निघाले’ यावर मोजू नका. पाच वर्षांनी किती माजी विद्यार्थी, आणि त्यांनी कामाला लावलेले किती जण, नियमित पगार घेतात हा आकडा एखादं विद्यापीठ जाहीर करणार असेल, तर मी ऐकायला तयार आहे.

खडूफळा

आमच्याकडे पदवीनंतर मुलांचा मागच कोणी ठेवत नाही. आधी तेवढं सुरू करायला हवं. पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत हा आकडा आणि रानवाट यांची नियमावली, दोन्ही मांडते.