मदत हवी आहे: लायसोझाइमचे ठिपके दिसतात, पण इंडेक्सिंग होत नाही

रात्रपाळी: एक्स-रे फ्री इलेक्ट्रॉन लेसरवर (क्ष-किरणांचे अतिशय छोटे, प्रखर स्पंद देणाऱ्या यंत्रावर) लायसोझाइम या प्रथिनाच्या सूक्ष्मस्फटिकांचे मोजमाप चालू आहे. ठिपके स्वच्छ आहेत, हिट (स्फटिकाचे ठिपके उमटलेली चित्रे) भरपूर आहेत, तरीही क्रिस्टएफईएल हे सॉफ्टवेअर शंभरांतील दोन चित्रेही इंडेक्स करीत नाही, म्हणजे ठिपक्यांवरून स्फटिकाची मापे व दिशा काढू शकत नाही. बीमटाइमची (लेसर वापरण्यासाठी मिळालेल्या वेळेची) एकच पाळी उरली आहे. कृपया लवकर सांगावे.

स्फटिकवेडा: नमुन्यापासून डिटेक्टरचे अंतर किती, फोटॉनची ऊर्जा किती, जॉमेट्री फाइल (डिटेक्टरची मांडणी सांगणारी) कधीची, युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकाची मापे) दिला आहे की नाही, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

ग्रीसवाला: माझ्या मते स्फटिक वाहून आणणारा द्रवाचा जेट सोडून द्यावा. लेसरच्या दोन स्पंदांच्या मधल्या वेळात वाहून जाणारे सगळे स्फटिक वाया जातात. ते ग्रीसमध्ये कालवून सावकाश सोडले, तर नमुना फारच थोडा लागतो. जपानमध्ये साक्ला या अशाच लेसरवर ही पद्धत वापरली गेली आहे.

स्फटिकवेडा: नमुना कमी पडल्याची तक्रार येथे कोणी केलेली नाही. शिवाय ग्रीसमुळे पार्श्वभूमीचे विखुरण वाढते, ते वेगळेच.

जिज्ञासू: तांब्यावर फेमटोसेकंद लेसर मारून ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण काढतात, तेच का हे?

प्रकाशवर्ष: नाही. ते किरण सर्व दिशांना फाकतात, त्यामुळे एका स्पंदात इवल्याशा प्रथिन-स्फटिकाचे चित्र मिळण्याइतके फोटॉन नमुन्यावर पडत नाहीत. फ्री इलेक्ट्रॉन लेसरमध्ये मात्र स्फटिक नष्ट होण्यापूर्वीच विवर्तन उमटते, हे अमेरिकेतील एलसीएलएस या लेसरवर फोटोसिस्टिम-१ या प्रकाशसंश्लेषणातील प्रथिन-संकुलाच्या नॅनोस्फटिकांवरील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कामाने दाखवले.

रात्रपाळी: अंतर १२० मिलिमीटर, ऊर्जा ९.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, सेल दिला होता. तो काढून टाकल्यावर बरीच चित्रे इंडेक्स झाली, पण अक्ष ८४ आणि ४०.४ अँगस्ट्रॉम येतात. स्फटिकच बिघडले आहेत का?

स्फटिकवेडा: ही माहिती आधी हवी होती. टेट्रॅगोनल (तीनपैकी दोन अक्ष समान असलेल्या) लायसोझाइमचे अक्ष सुमारे ७९ आणि ३८ असतात. दोन्ही सहा टक्क्यांहून किंचित जास्त, तेही एकाच प्रमाणात वाढले आहेत. स्फटिक बिघडले असते, तर ते इतके शिस्तीत फुगले नसते. एक तर फाइलमधील अंतर खऱ्यापेक्षा जास्त आहे, किंवा ऊर्जा कमी लिहिली आहे. अंतर चुकले असेल, तर खरे ११३ च्या आसपास निघेल. सेल दिल्यावर चित्रे बाद होत होती, कारण लांबीतील फरकाची मुभा सहसा पाच टक्क्यांचीच असते.

रात्रपाळी: पहिल्या पाळीनंतर डिटेक्टर पुढे सरकवल्याची नोंद वहीत सापडली, ११३ मिलिमीटर, फाइल मात्र मी जुनीच चालवत होतो. आता सेल देऊनही निम्म्याहून अधिक हिट इंडेक्स होत आहेत. मनःपूर्वक आभार.

ग्रीसवाला: उत्तम. उरलेल्या पाळीत ग्रीस वापरून पाहण्यास हरकत नसावी.