घेरी, भोवळ, झीट, अंधारी: डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

'व्हर्टिगो'ला मराठीत नेमका शब्द कोणता? विचारायला कारण आहे. गेली सहा वर्षं मला हा त्रास वर्षातून दोन-तीनदा होतो. पहाटे कूस बदलली की पंखा, कपाट, खिडकी, सगळं एका बाजूला वाहत जातं. अर्ध्या मिनिटात थांबतं, पण मळमळ दुपारपर्यंत पुरते. पहिल्या वेळी दवाखान्यात मी "चक्कर येते" एवढंच सांगितलं. रक्तदाब तपासला, अशक्तपणा आहे म्हणाले, लोहाच्या गोळ्या दिल्या. सासूबाई म्हणाल्या पित्त खवळलंय. दोन वर्षं गोळ्या आणि कोकम सरबतात गेली. मग कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यांपुढे अंधारी येते, की घर फिरतं?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, घर फिरतं. त्यांनी पलंगावर बसवून मान उजवीकडे वळवली, झटकन आडवं केलं आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. बुबुळं थरथरली, निदान झालं. आपल्याकडे इतके शब्द असताना मी सगळ्याला 'चक्कर' का म्हणत होते, ही टोचणी तेव्हापासून आहे.

—

ताई, आमच्या घरात घेरी आणि चक्कर वेगळी होती. उपासाच्या दिवशी आजीला 'चक्कर' यायची, ती लिंबूपाणी घेतलं की जायची. 'घेरी' आली की आजी भिंत धरून बसायची आणि म्हणायची, "जमीन फिरतेय, बोलू नका माझ्याशी." घेर, घेरणं हे त्या शब्दात ऐकू येतं, चारी बाजूंनी काहीतरी फिरतंय असं. व्हर्टिगोला माझं मत घेरीला.

—

भोवळ का नको? भोवळ आणि भोवरा दोन्ही 'भ्रम्' धातूपासून आलेत, फिरणं त्या शब्दाच्या पोटातच आहे. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही 'भ्रम' हा मूर्च्छेशेजारी, पण वेगळा विकार म्हणून येतो, आणि त्याचं लक्षण अंग चाकासारखं फिरणं हेच दिलंय. आता भ्रम म्हटलं की मनाचा गैरसमज डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे तो शब्द या कामाला उरला नाही. व्हर्टिगोच्या मुळाशी लॅटिनमधलं 'व्हर्तेरे' म्हणजे वळणं आहे. ते आपल्या 'वृत्'चं भावंड. वर्तुळ, आवर्त, परिवर्तन त्याच घरातले.

—

व्युत्पत्ती बरोबर आहे, पण वापर बघा. "उन्हात भोवळ येऊन पडला" असं बातमीत वाचतो तेव्हा तो माणूस बेशुद्ध झालेला असतो. भोवळ आता झिटेच्या जवळ सरकली आहे. डॉक्टरांपुढे भोवळ म्हणालात तर ते शुद्ध हरपण्याची कारणं शोधू लागतील, हृदयाचा आलेख काढतील. 'डोकं फिरतंय' तर म्हणूच नका, तो राग झाला!

—

गोव्यात आमच्याकडे कोंकणीत 'घुंवळ' म्हणतात. 'घुंवप' म्हणजे गोल फिरणं. बस लागते तेव्हाही आई म्हणते घुंवळ येता.

—

मी भौतिकोपचार करते, तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवते. थोडं सविस्तर लिहिते.

फुगडी आठवा. जोरात फिरून थांबलात तरी अंगण फिरतच राहतं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. आपण थांबलो तरी त्यांच्यातला द्रव लगेच थांबत नाही, आणि मेंदूला वाटतं अजून फिरतोय. ताईंना फुगडी न खेळताच तसं होतं, कारण कानातल्याच दुसऱ्या एका कप्प्यातले कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडी ज्याची असते त्याचेच, बारीक कण सुटून नळीत शिरतात. कूस बदलली की ते घरंगळतात आणि द्रव हलवतात. म्हणून झटका सेकंदांत संपतो. डोळ्यांकडे बघत आडवं करण्याची ती तपासणी डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी 1952 साली मांडली. डोकं ठरावीक क्रमानं वळवून कण मूळ कप्प्यात परत पाठवण्याची कृती डॉ. एप्ली यांची, त्यांचा लेख 1992चा. गोळीनं कण जागेवर जात नाहीत. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या आठवड्यांमागून आठवडे घेतल्या तर मेंदूचं जुळवून घेणंही मंदावतं. पेशंटना हे मी पुन्हा पुन्हा सांगते.

शब्दांबद्दल मात्र माझा अनुभव जरा वेगळा आहे. एकच माणूस सकाळी गरगर म्हणतो, संध्याकाळी हलकं डोकं म्हणतो. म्हणून नुसत्या नामावर मी थांबत नाही. कशानं सुरू होतं, किती वेळ टिकतं, सोबत काय असतं, हे विचारते. कूस बदलल्यावर आणि मिनिटाच्या आत, तर बहुधा कण. वीस मिनिटं ते काही तास, आणि कानात दडा, घुंई, ऐकू कमी, तर मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराचा विचार करावा लागतो. दिवसचे दिवस अखंड गरगर, तर तोलाच्या नसेला सूज असू शकते. उभं राहिल्यावर अंधारी, तर रक्तदाब. बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर शब्द शोधत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

—

म्हणजे नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचं! चक्कर *येते*, तोल *जातो*, गाडी *लागते*, घर *गरगरतं*, डोकं *भोवंडतं*. येणारी गोष्ट झटक्याची असते, जाणारा तोल चालताना जातो. मराठीनं हे आधीच वेगवेगळं ठेवलंय.

—

ताई, मलाही हेच आहे. पुन्हा येईल या भीतीचं काय करता? मी तर वर बघायचंच सोडलंय.

—

(मूळ प्रश्न विचारणारी) सगळ्यांचे मनापासून आभार. भीतीचं विचारलंत म्हणून लिहिते. माझीही मान वर्षभर आखडलेली होती, डोकं हलवायचंच नाही म्हणून. त्यानं तोल आणखी बिघडला. आता उठताना आधी कुशीवर होते, पाय खाली सोडते, पलंगाच्या कडेला मिनिटभर बसते. रात्री छोटा दिवा चालू ठेवते. माळ्यावरचे डबे खाली आणलेत, ते मुलगा काढून देतो. रेल्वेत वरचा बर्थ घेत नाही. झटका आलाच तर एका जागी नजर रोखते आणि आकडे मोजते. तीसच्या पुढे तो सहसा जात नाही, हे कळलं तेव्हा निम्मी भीती गेली. तुम्ही वर बघणं सोडू नका, बसून आणि हळूहळू सुरू करा.

शब्दाचं म्हणाल तर घेरी मला पटली, पण पुढच्या वेळी एक शब्द सांगणार नाही. वहीत लिहून ठेवलंय: "पहाटे उजव्या कुशीवर वळलं की घर गरगरतं, तीस आकडे मोजेपर्यंत. मग मळमळ. अंधारी येत नाही, शुद्ध जात नाही, ऐकू नीट येतं."