मदत हवी आहे: लाटव्हियन 'दूमि', पाली 'धूम' आणि मराठी 'धुमसणे'

लाटव्हियन भाषेत धुराला 'दूमि' म्हणतात. हा शब्द सहसा अनेकवचनीच वापरला जातो. पालीतील 'धूम' आणि लॅटिनमधील 'फूमुस' हे त्याचेच सगोत्र, म्हणजे एकाच मुळातून आलेले, शब्द होत. लाटव्हियन ज्या कुळातली आहे त्या बाल्टिक भाषांत 'ध'मधील महाप्राण (ह-कार) लोपला, पालीने मात्र तो टिकवला, एवढे मला समजले आहे.

माझी अडचण अर्थविस्ताराबाबत आहे. लाटव्हियनमध्ये याच मुळापासून 'दूमका', म्हणजे दूरवर दिसणारे विरळ धुके, असा शब्द आहे. तेथे अर्थ डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीपाशीच राहिला. याउलट मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील वम्मिकसुत्तात एक वारूळ रात्री 'धूमायति' (धुमसते) आणि दिवसा पेटते असे वर्णन असून, दिवसाच्या कामांविषयी रात्री मनात घोळणारे विचार म्हणजे ते धुमसणे, असा उलगडा तेथेच केला आहे. आपणही राग मनात धुमसतो असे म्हणतो, हे साम्य मला फार विलक्षण वाटते.

तरी जाणकारांनी कृपया दोन गोष्टी सांगाव्यात: 'धुमसणे' हे क्रियापद प्राकृतातील कोणत्या रूपावरून आले, आणि लाटव्हियनमध्ये 'दूमि'चा मनोव्यापारासाठी लाक्षणिक वापर आढळतो काय?