सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) ६५० असताना एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) लगेच का?

नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह, बायको निगेटिव्ह. त्याला त्रास काहीच नाही. लगेच गोळ्या सुरू केल्याने तिचा धोका खरंच किती घटतो?

औषधवाला: एचपीटीएन ०५२ ही संशोधन-चाचणी अशाच, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह जोडप्यांवर झाली. ९ देश, १७६३ जोडपी. पुणे आणि चेन्नईचीही होती. लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६% कमी (२०११), अंतिम आकडा ९३%. २०१७ पासून भारतात सीडी४ कितीही असला तरी उपचार मिळतात, सरकारी केंद्रात मोफत. थांबण्यात अर्थ नाही.

लॅबकट्टा: मात्र पहिल्याच दिवशी कंडोम सोडू नका! त्या चाचणीत लवकर उपचाराच्या गटात जोडीदाराला गेलेल्या लागणी विषाणूभार (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबण्याआधीच्या किंवा उपचार फसल्यानंतरच्या होत्या. साधारण ६ महिने धरा, मग व्हायरल लोड, म्हणजे विषाणूभाराची तपासणी करा. मिलीलिटरमागे २०० प्रतींखाली टिकला तर संभोगातून लागण होत नाही. तोवर बायकोचीही तपासणी ठरल्या वेळी.

गोळीघर: टीएलडी (डोल्युटेग्राविरसह तीन एचआयव्ही औषधांची एकत्र गोळी) रोज एक. अँटासिड घेत असाल तर गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी, नाहीतर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ १२ तासांनी जादा लागतं. हे केंद्रात आधीच सांगा.