मदत हवी आहे: ‘कायदेशीर विनंती’वरून रोखलेल्या पोस्टचा मूळ आदेश कसा मिळवावा?

नमस्कार मंडळी,

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या नावाने आम्ही काही जण एका मोठ्या समाजमाध्यमावर एक पान चालवतो. पाणी, रस्ते, पीकविमा, बाजारभाव हे त्यावरचे नेहमीचे विषय. गेल्या महिन्यात आम्ही एका गावच्या नळपाणीपुरवठा योजनेबद्दल पोस्ट टाकली. माहिती अधिकारात मिळालेल्या मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याची सरकारी वही) जलकुंभाच्या वरच्या स्लॅबची नोंद आहे आणि त्याचे देयकही निघालेले आहे. प्रत्यक्ष जागेवर मात्र चार कॉलम उभे आहेत आणि त्यांतून गंजलेल्या सळया वर आलेल्या आहेत. आम्ही पुस्तिकेचे पान आणि जागेचा फोटो शेजारी शेजारी ठेवले होते. कोणाचेही नाव घेतले नव्हते, एकही अपशब्द वापरला नव्हता.

काही दिवसांनी पोस्टच्या जागी ‘कायदेशीर विनंतीमुळे हा मजकूर भारतात उपलब्ध नाही’ एवढेच वाक्य दिसू लागले. विनंती कोणी केली, कोणत्या कलमाखाली केली, आक्षेप नेमक्या कोणत्या वाक्याला आहे, याचा कुठेच उल्लेख नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिले, तर उत्तरात पुन्हा तेच वाक्य आले. दुबईत राहणाऱ्या आमच्या मित्राला मात्र ती पोस्ट अजून दिसते. यावरून कंपनीने स्वतःच्या नियमांनुसार ती काढलेली नसून कोणाच्या तरी सांगण्यावरून फक्त भारतापुरती रोखली आहे, असे मी समजतो. हा फरक महत्त्वाचा आहे. कंपनीने स्वतःहून मजकूर काढला असता, तर 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तिला आधी कारण कळवावे लागले असते आणि आम्हाला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागली असती.

कायदा वाचून मला जेवढे उमगले, ते लिहितो. चुकत असल्यास जाणकारांनी सांगावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 69अ कलमाखाली मजकूर रोखण्यासाठी देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा यांच्याशी निगडित गुन्ह्याला चिथावणी यांपैकी काहीतरी कारण लागते. अर्धवट जलकुंभ यांतल्या कशातही बसत नाही. मग उरते 79 कलमाचे पोटकलम 3(ब). सरकारी यंत्रणेने कळवल्यावरही बेकायदा मजकूर न हटवल्यास इतरांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून कंपनीला असलेले कायदेशीर संरक्षण जाते, असे ते सांगते. पालघरमध्ये 2012 साली फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि त्यानंतर न्यायालयात गेलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी 66अ कलम (ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारे) रद्द केले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच निकालात 79 कलमाचा अर्थही मर्यादित केला आहे: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना हवी आणि तीही संविधानाच्या अनुच्छेद 19(2) च्या (अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील वाजवी निर्बंधांच्या) चौकटीतली हवी. शिवाय नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार असे कळवणारा अधिकारी सहसचिव दर्जाचा, किंवा पोलिसांचा असल्यास किमान उपमहानिरीक्षक दर्जाचा असावा लागतो आणि त्याने कायद्याचा आधार व मजकुराचा नेमका पत्ता लेखी द्यावा लागतो. म्हणजे कागद कुठेतरी असणारच. तो पोस्ट लिहिणाऱ्यालाच दाखवायचा नाही, हे मला कोणत्याही अर्थाने न्याय्य वाटत नाही. आरोपच माहीत नसेल तर माणूस उत्तर कशाचे देणार?

माझा सरसकट नियंत्रणाला विरोध नाही. शेजारच्या गावातील एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचा चेहरा दुसऱ्याच छायाचित्रावर चिकटवून तो अश्लील फोटो याच माध्यमावर फिरवला गेला. अशी तक्रार आल्यावर 24 तासांत (फेब्रुवारी 2026 पासून दोनच तासांत) मजकूर हटवावा, असा स्पष्ट नियम आहे. ताईंच्या मुलाने तक्रार करूनही तो फोटो कितीतरी दिवस तसाच राहिला आणि त्या काळात ताई ग्रामसभेला गेल्या नाहीत. जिथे तत्परता हवी होती तिथे ती दिसली नाही आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणारी पोस्ट मात्र रोखली गेली, याची मनाला फार टोचणी आहे.

आता विचारायचे ते असे. आदेशाची प्रत मागण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे करावा, राज्याच्या गृह विभागाकडे करावा, की दोन्हीकडे? 69अ च्या 2009 च्या नियमांमध्ये गोपनीयतेची जी तरतूद आहे (नियम 16), ती 79 कलमाखालच्या पत्रालाही लावून कोणाला नकार मिळाला आहे का आणि पुढे माहिती आयोगाकडे काय झाले? तक्रार अपील समितीकडे (कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील ऐकणारी केंद्र सरकारची समिती) जायचा आमचा विचार आहे, पण सरकारी सूचनेवरून रोखलेल्या मजकुराचे अपील ती ऐकते का, हे नियमांच्या भाषेवरून स्पष्ट होत नाही. अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करावी लागली, तर आमचा जिल्हा आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे येतो. तिथे अशा विषयात काम केलेले वकील कोणाला माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.

आणखी एक. आमचा व्हॉट्सॲप गटही आहे. सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे. सणांच्या आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 168 कलमाखाली (दखलपात्र गुन्हे रोखण्याचा पोलिसांचा अधिकार) ॲडमिनना येणाऱ्या नोटिशीला उत्तर देताना त्या निकालाचा हवाला कसा द्यावा, याचा नमुना कोणाकडे असेल तर हवा आहे.

तक्रार अधिकाऱ्याचे उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करावे लागते आणि ती मुदत सुरू झाली आहे. त्यामुळे अपील समितीबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले तर फार उपकार होतील. मोजमाप पुस्तिकेची प्रत, फोटो आणि तक्रार अधिकाऱ्याचे उत्तर माझ्याकडे स्कॅन करून ठेवले आहे. कोणाला पाहायचे असल्यास पाठवतो.